चिनी कंदील पौर्णिमा: कुळकथा, चालीरीती आणि घरी साजरी करण्याची रीत

काळ्या आकाशात तरंगणारे हजारो कागदी दिवे आणि खाली माना वर करून उभी असलेली माणसे. ‘चिनी कंदील महोत्सव’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. तो बहुतेक वेळा चीनचा नसतोच. थायलंडमधल्या च्यांग माय शहरात साधारण नोव्हेंबरच्या पौर्णिमेला यी पेंग नावाचा उत्सव होतो, त्याचा तो असतो. चीनच्या कितीतरी शहरांत आगीच्या भीतीने उडते कंदील सोडायला बंदी आहे. तेव्हा या सणाची तयारी करायची तर सगळ्यात आधी ते उडते दिवे डोक्यातून काढून टाका.

खरा सण जमिनीवर होतो. चिनी पंचांगातल्या पहिल्या महिन्याची पंधरावी रात्र, म्हणजे वर्षातली पहिली पौर्णिमा. नाव युआनश्याओ. नववर्षाचे पंधरा दिवस या रात्री संपतात. नववर्षाची आदली रात्र घरच्यांबरोबर, दार लावून जेवण्याची असते. ही पंधरावी रात्र दार उघडून रस्त्यावर येण्याची. हातात कंदील घ्यायचा किंवा दुसऱ्यांनी टांगलेले कंदील बघत हिंडायचे, कोडी सोडवायची, गर्दीत मिसळायचे, गोल गोड गोळे खायचे. कंदील हे निमित्त. रात्री घराबाहेर पडण्याची मुभा हा या सणाचा गाभा आहे, आणि त्याचा इतिहासही या मुभेचाच आहे.

आधी थोडी कुळकथा

उगमाबद्दल तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली हान घराण्यातल्या सम्राट वू याची (राज्यकाळ इ.स.पू. १४१ ते ८७). त्याच्या काळी गानछुआन राजवाड्यात पहिल्या महिन्यात थाय-ई या सर्वोच्च आकाशदेवतेची पूजा संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. दुसरी बौद्ध परंपरेतली: हान सम्राट मिंग (इ.स. ५७ ते ७५) याने बुद्धाच्या सन्मानार्थ या रात्री दिवे लावण्याचा हुकूम दिला. याच सम्राटाच्या काळात काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे भारतीय भिक्षू लुओयांगला आले आणि इ.स. ६८ मध्ये त्यांच्यासाठी श्वेताश्व विहार उभा राहिला, असे परंपरा सांगते. तिसरी गोष्ट ताओ पंथाची. त्यांच्याकडे स्वर्ग, पृथ्वी आणि जल यांचे तीन देवाधिकारी आहेत आणि पहिल्या, सातव्या व दहाव्या महिन्यांतल्या पौर्णिमा अनुक्रमे त्यांच्या. पहिली पौर्णिमा स्वर्गाच्या अधिकाऱ्याचा जन्मदिवस. तो आशीर्वाद वाटतो आणि त्याला उजेड-गंमत आवडते, म्हणून दिवे.

या तिन्हींत खरी कोणती, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. हान राजवाड्यातली पूजा पंधराव्या तिथीला नव्हती, आणि सम्राट मिंगची गोष्ट बरीच नंतर लिहिली गेली. मला सगळ्यात भरवशाचा पुरावा वाटतो तो एका तक्रारअर्जाचा. इ.स. ५८३ मध्ये ल्यू यू नावाच्या अधिकाऱ्याने स्वै घराण्याच्या सम्राटाला लिहिले की पहिल्या महिन्याच्या पंधराव्या रात्री लोक रस्ते भरून टाकतात, ढोल बडवतात, मशाली पेटवतात, मुखवटे चढवतात, पुरुष बायकांचे कपडे घालतात, स्त्री-पुरुष एकमेकांत मिसळतात आणि घरची पुंजी उधळतात. हे बंद करावे. सम्राटाने मान्यता दिली. एखादी प्रथा बंद करण्यासाठी राजाकडे अर्ज करावा लागतो, तेव्हा ती किती मुरलेली असते हे वेगळे सांगायला नको. बंदी टिकली नाहीच. पुढच्याच सम्राटाने, यांग याने, इ.स. ६१० मध्ये लुओयांगला परदेशी पाहुण्यांसाठी प्रचंड रोषणाई आणि खेळतमाशे भरवले, आणि ते महिनाभर चालले.

थांग राजवटीत या मुभेला कायद्याचे रूप आले. राजधानी छांगआन तटबंदीच्या मोहल्ल्यांत विभागलेली होती. संध्याकाळी नगारा वाजला की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद, आणि त्यानंतर रस्त्यावर सापडणाऱ्याला वीस फटके. वर्षातून फक्त या पौर्णिमेच्या आगेमागे, चौदावी ते सोळावी अशा तीन रात्री, हा नियम उठवला जाई. वर्षभर रात्री ज्यांनी आपल्या मोहल्ल्याबाहेरचे शहर पाहिलेच नाही अशांना तीन रात्री ते मोकळे मिळाले, तर ती माणसे काय करतील? इ.स. ७१३ मध्ये राजवाड्याच्या एका दरवाज्याबाहेर रेशमाने आणि सोन्या-जडावाने मढवलेले वीस झांग, म्हणजे सुमारे साठ मीटर, उंचीचे दीपचक्र उभे केल्याचे आणि त्यावर पन्नास हजार दिवे असल्याचे वर्णन मिळते. आकड्यांत दरबारी अतिशयोक्ती धरली तरी हौस कळते.

पुढे सोंग राजवटीत तीनाच्या पाच रात्री झाल्या. काइफेंगसारख्या शहरात बाजार रात्रीही चालू लागले होते, त्यामुळे दुकानदार गिऱ्हाईक खेचायला कंदील टांगू लागले आणि दक्षिण सोंग काळात कंदिलांवर कोडी चिकटवण्याची चाल रुळली. मिंग सम्राट योंगलने इ.स. १४०९ मध्ये अधिकाऱ्यांना सणाची दहा दिवस सुट्टी देऊन टाकली. आज चीनमध्ये या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते, हा काळाचा विनोद.

लोककथा विचाराल तर घराघरांत सांगितली जाते ती युआनश्याओ नावाच्या दासीची. सम्राट वूच्या महालातली ही मुलगी वर्षानुवर्षे आईवडिलांना भेटली नव्हती. चतुर दरबारी दोंगफांग श्वो याने तिला विहिरीत जीव देण्यापासून वाचवले आणि मग शहरात अफवा सोडली की पंधराव्या रात्री अग्निदेव छांगआन जाळणार. उपाय त्यानेच सुचवला: घरोघरी लाल कंदील लावा, फटाके उडवा, म्हणजे स्वर्गातून शहर पेटलेलेच दिसेल, आणि अग्निदेवाला आवडणारे गोड गोळे युआनश्याओच्या हातचे करून वाहा. दरवाजे उघडले, लोक कंदील बघायला लोटले, त्यांत तिचे आईवडीलही आले. कथा अर्थात रचलेली आहे. पण तिच्यातही दरवाजे उघडल्याशिवाय काही घडत नाही.

बायकांसाठी तर ही रात्र फारच मोलाची होती. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात उत्तरेकडच्या बायका घोळक्याने पूल ओलांडत चालत. त्याने वर्षाची दुखणी मागे राहतात, असा समज. बीजिंगमध्ये वेशीच्या दरवाज्यांवरचे पितळी खिळे अंधारात चाचपून हाताला लागले तर मुलगा होतो म्हणत. आणि एक विलक्षण देवता या रात्री बोलावली जाई: झीगू, शौचकूपाची देवी. कुणाची तरी उपपत्नी असलेली ही बाई सवतीच्या छळाने याच रात्री मेली, असे पाचव्या शतकापासून लिहिलेले सापडते. बायका तिची बाहुली करून शौचकूपाजवळ किंवा डुकरांच्या गोठ्याजवळ तिला साद घालत आणि यंदा रेशमाचे किडे कसे पोसतील ते विचारत. लग्न ठरवण्याच्या भानगडी, चोरट्या भेटी, हरवलेले प्रेमिक यांवरच्या सोंग काळातल्या कितीतरी कविता याच रात्रीच्या आहेत. त्यामुळे हल्ली कोणी याला चिनी व्हॅलेंटाइन डे म्हणते तेव्हा ते अगदीच निराधार नसते.

तारीख काढणे

चिनी नववर्षाच्या तारखेत चौदा दिवस मिळवा. नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येते, म्हणून कंदिलांची पौर्णिमा ४ फेब्रुवारी ते ६ मार्चच्या दरम्यान. २०२५ मध्ये ती १२ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये ३ मार्चला, २०२७ मध्ये २० फेब्रुवारीला.

घरात कालनिर्णय टांगलेले असेल तर त्याहून सोपे. ही बहुधा आपली माघी पौर्णिमा असते. चिनी नववर्ष उशिरा आले तर फाल्गुनातली, म्हणजे होळीची. २०२६ मध्ये तसेच झाले, आणि वर त्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहणही आले. एका दिवसाचा फरक मात्र पडू शकतो. चिनी महिन्याचा पहिला दिवस अमावास्येचा क्षण ज्या तारखेला येतो तो, त्यामुळे पूर्ण चंद्र कधी पंधराव्याऐवजी सोळाव्या रात्री दिसतो. चीनमध्ये तशी म्हणच आहे की पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल होतो.

एक गफलत टाळा. आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेलाही, सप्टेंबर-ऑक्टोबरात, चिनी मुले कंदील घेऊन हिंडतात. तो मूनकेक नावाच्या गोल मिठाईचा सण, आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी किंवा कधी तिच्याच सुमारास येणारा. हा वेगळा.

कंदील: फिरता घोडा घरी करा

कंदिलांचे प्रकार अगणित. राजवाडी षट्कोनी लाकडी कंदील, नानजिंगचे गुलाबी कागदी कमळ, शांघायकडचा चाकांवरचा ससा. सशाच्या कंदिलाला दोरी बांधून पोर तो रस्त्यावर ओढत नेते आणि निम्म्या वाटेत मेणबत्ती कलंडून ससा पेट घेतो, ही तिकडच्या आजीआजोबांची ठरलेली आठवण. मुलांसाठी सोपे काही हवे असेल तर कामट्यांचा नेहमीचा आकाशकंदील करा आणि त्याला दांडी लावा. टांगण्यापेक्षा हातात धरून चालण्याला इथे महत्त्व आहे.

पण हौस असेल तर मी झोमादंग सुचवेन: आपोआप फिरणारा कंदील, ज्याच्या कागदावर घोडेस्वारांच्या सावल्या एकमेकांचा पाठलाग करतात. किमान सोंग काळापासून तो चीनमध्ये ठाऊक आहे. तंत्र असे की मेणबत्तीची गरम हवा वर चढते, वरच्या पात्यांना ढकलते आणि चक्र फिरते. टर्बाइन याच तत्त्वावर चालते.

बाहेरचा सांगाडा कामट्यांचा, साधारण वीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि तीस उंच. चारही बाजूंना पातळ पांढरा पतंगी कागद खळीने लावा. वरची बाजू पूर्ण उघडी ठेवा आणि खाली सगळीकडून चार सेंटिमीटर जागा सोडा. हवा खालून आत आली नाही तर काही फिरणार नाही. तळाला पुठ्ठा न वापरता पत्रा किंवा जुने स्टीलचे ताट घ्या. त्याच्या मधोमध बावीस-तेवीस सेंटिमीटरची ताठ तार उभी करा आणि वरचे टोक कानशीने घासून अणकुचीदार करा.

आता आतले चक्र. हॉटेलातून जेवण येते त्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या मोठ्या डब्याच्या तळातून चौदा सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. कडेपासून मध्याकडे बारा चिरा द्या, पण मधला रुपयाएवढा भाग तसाच ठेवा. प्रत्येक पाते एकाच दिशेने साधारण तीस अंश मुरडा. मध्यभागी खालच्या बाजूने टिचबटनाचा खळगा असलेला अर्धा भाग चिकटवा. तारेचे टोक त्या खळग्यात बसले की घर्षण जवळजवळ नाहीसे होते. चकतीच्या कडेला पातळ बटर पेपरचे बारा-तेरा सेंटिमीटर उंचीचे नळकांडे चिकटवा आणि त्यावर काळ्या कागदाचे घोडे समान अंतरावर लावा. चक्र तारेवर ठेवा. ते एका बाजूला झुकले तर उलट बाजूला सेलोटेपचा तुकडा लावून तोल साधा. हे काम किचकट आहे, घाई करू नका. दहापैकी नऊ वेळा कंदील अडतो तो इथेच.

तारेच्या दोन बाजूंना दोन टी-लाइट मेणबत्त्या ठेवून पेटवा. मिनिटभरात चक्र हलू लागते. नाही हलले तर पाती थोडी जास्त मुरडा. एलईडी दिव्यावर हा कंदील फिरत नाही, कारण त्याची उष्णता पुरत नाही; आजकाल बाजारात मिळणाऱ्या फिरत्या कंदिलांत छोटी मोटर असते. मेणबत्ती असेल तोवर कंदील टेबलावरच राहू द्या, जवळ मोठे माणूस आणि पाण्याचा तांब्या असू द्या. हातात धरायच्या कंदिलांत एलईडीच घाला.

हे सांगतो आहे कारण या सणाचा आगीशी जुना हिशोब आहे. इ.स. १५१४ मध्ये सम्राट झंगदच्या महालात कंदिलांच्या सजावटीने पेट घेतला आणि बीजिंगच्या राजवाड्यातला छ्येनछिंग महाल जळून गेला. ९ फेब्रुवारी २००९ च्या रात्री, याच सणाच्या दिवशी, बीजिंगमध्ये सरकारी दूरचित्रवाणीच्या नव्या संकुलातली एक उंच इमारत फटाक्यांनी पेटली आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. उडत्या कंदिलांबद्दल मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. मुंबई पोलिस दिवाळीच्या सुमारास त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदीचे आदेश काढत आले आहेत.

कोडी

कंदिलांवरच्या कोड्यांची पद्धत साधी आहे. कागदाच्या पट्टीवर कोडे लिहायचे, खाली उत्तर कशा प्रकारचे आहे ते सांगायचे (एक अक्षर, एक फळ, एका गावाचे नाव) आणि पट्टी कंदिलाला लोंबती सोडायची. उत्तर सुचले की पट्टी उपटून यजमानाकडे जायचे आणि कानात सांगायचे. बरोबर असेल तर छोटे बक्षीस, चूक असेल तर पट्टी परत जागेवर. मोठ्याने ओरडून उत्तर फोडणाऱ्याला कुणी भाव देत नाही. कठीण कोड्यांना तिकडे वाघ म्हणतात आणि ते सोडवणे म्हणजे वाघाची शिकार.

चिनी कोडी बहुतेक चित्रलिपीवर बेतलेली असतात. उदाहरणार्थ, ‘एका तोंडाने बैलाचे शेपूट तोडून खाल्ले, अक्षर ओळखा’. ‘बैल’ या चिन्हाची खाली आलेली रेघ काढून तिथे ‘तोंड’ हे चौकोनी चिन्ह बसवले की ‘सांगणे’ या अर्थाचे चिन्ह तयार होते. हे भाषांतरात मरते. म्हणून घरी करताना चिनी कोड्यांची मराठी भाषांतरे शोधत बसू नका. सरळ मराठी कोडी घाला. आजीला विचारा, तिच्याकडे साठा असतो. निम्मी कोडी सातवीतल्या मुलाला सुटतील अशी, निम्मी मोठ्यांना घाम फोडणारी. कोड्यांची संख्या पाहुण्यांच्या तिप्पट असली की मजा लवकर संपत नाही.

गोळे: उत्तरेचे आणि दक्षिणेचे

उत्तर चीनमध्ये या गोळ्यांना सणाचेच नाव, युआनश्याओ, दक्षिणेत थांगयुआन. दिसायला सारखे, करायला अगदी वेगळे. उत्तरेत सारणाचे कडक चौकोनी तुकडे पाण्यात बुडवून कोरड्या पिठाच्या परातीत किंवा फिरत्या पिंपात घोळवतात, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ, असे करत गोळा थराथराने मोठा होतो. कवच जाड आणि भरड लागते, ज्यात शिजवतात ते पाणी दाट होते. बीजिंगमध्ये दाओश्यांगत्सुनसारख्या जुन्या मिठाईवाल्यांकडे या दिवसांत ते घेण्यासाठी लांबच लांब रांगा लागतात. दक्षिणेत पीठ मळून पारी करतात आणि सारण भरतात. घरी दक्षिणेकडचेच करा. निंगबो या बंदराच्या शहराचे काळ्या तिळाचे थांगयुआन सगळ्यांत नावाजलेले आहेत.

पीठ चिकट तांदळाचेच हवे. पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ असे लिहिलेले असते. नाव तसे असले तरी त्यात ग्लुटेन नसते. मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. आंबेमोहोराचे किंवा मोदकाचे पीठ चालत नाही, कारण त्याला ती ताणणारी लवचिकता येत नाही आणि गोळे पाण्यात फुटतात.

सारण आदल्या दिवशी करा. शंभर ग्रॅम काळे तीळ मंद आचेवर भाजा. काळे असल्यामुळे रंगावरून कळत नाही, म्हणून मूठभर पांढरे तीळ सोबत टाका. ते बदामी झाले की उतरवा, जास्त भाजले तर कडू होतात. गार झाल्यावर बारीक दळा, सत्तर ग्रॅम पिठीसाखर आणि साठ ग्रॅम घट्ट स्निग्ध पदार्थ मिसळा. निंगबोत तो डुकराची चरबी असतो, आणि खरे सांगायचे तर त्या चवीला तोड नाही. शाकाहारी घरात थिजलेले साजूक तूप किंवा खोबरेल वापरा. दहा-दहा ग्रॅमच्या गोळ्या वळून फ्रीझरमध्ये कडक करा. आपल्याकडे काळे तीळ पितृकार्यात वापरतात म्हणून काहींना ते गोडात नको वाटतात. अशांनी शेंगदाण्याचे सारण करावे. तेही चीनमध्ये सर्रास चालते.

अडीचशे ग्रॅम पिठाला साधारण दोनशे मिलिलिटर कोमट पाणी लागते, पण सगळे एकदम ओतू नका. मळल्यावर लिंबाएवढा गोळा काढून चपटा करा, उकळत्या पाण्यात तो तरंगेपर्यंत शिजवा आणि गरम असतानाच बाकीच्या पिठात पुन्हा मळून घ्या. मोदकाला उकड का काढतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे कारण लगेच कळेल: शिजलेला स्टार्च पीठ धरून ठेवतो आणि पारीला चिरा जात नाहीत. वीस ग्रॅमची पारी अंगठ्याने खोलगट करा, गोठलेली गोळी आत ठेवा, हवा राहू न देता तोंड मिटा, तळव्यांत फिरवा. एवढ्यात वीस-बावीस होतात. ओल्या फडक्याखाली ठेवा.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळले की गोळे सोडा आणि पळीच्या पाठीने तळाला एकदा हलकेच ढकला, म्हणजे चिकटत नाहीत. वर तरंगले की आच कमी करून अर्धी वाटी गार पाणी घाला. पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी. एकूण सहा-सात मिनिटे. त्याच पाण्यासह वाटीत चार-पाच वाढा. हवे तर आल्याच्या गुळपाकात. पहिला घास जपून: बाहेरून कोमट लागतो आणि आतले सारण जीभ भाजते. लहान मुलांना आणि वृद्धांना अख्खा देऊ नका, अर्धा करून द्या, कारण चिकट गोळा घशात अडकतो. उरलेले कच्चेच फ्रीझ करा आणि नंतर न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाका.

संध्याकाळ कशी मांडावी

चंद्र उगवायच्या सुमारास सगळे जमा. प्रथम कोडी, कारण पोट भरल्यावर डोके चालत नाही. मग कंदील हातात घेऊन बाहेर पडा आणि निदान तीन पूल ओलांडा. गावात एकच असेल तर तोच तीनदा. पुण्यात राहणाऱ्यांची इथे चंगळ आहे. परत आल्यावर गोळे. ढोल-ताशा, सिंहनृत्य असले काही जमणार नसेल तर सोडून द्या. पण चालणे सोडू नका, ते सोडले तर उरते फक्त जेवण.

कंदील तिसऱ्या दिवशी, अठराव्या तिथीला उतरवतात. यांगचौकडे रीत अशी की तेराव्याला कंदील लावताना गोळे खायचे आणि अठराव्याला उतरवताना नूडल्स.

प्रत्यक्ष बघायला जायचे असेल तर

पहिल्यांदा जाणाऱ्याने नानजिंग निवडावे. छिनहुआय नदीकाठी, कन्फ्यूशियस मंदिराच्या परिसरात भरणारी कंदीलजत्रा २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आली. पंधराव्या रात्री तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. दोन-तीन दिवस आधी गेलात तर कंदील तेच आणि गर्दी निम्मी.

भव्यता बघायची तर सिच्वान प्रांतातले झिगाँग. मिठाच्या विहिरींवर श्रीमंत झालेले हे गाव. तिथली शनहाय विहीर १८३५ मध्ये हजार मीटरपेक्षा खोल गेली होती, तीही बांबू आणि हातांच्या बळावर. तिथले कारागीर पोलादी तारेवर रेशमी कापड ताणून घराएवढे ड्रॅगन आणि डायनोसॉर उभे करतात. डायनोसॉर का, तर गावाशेजारी दाशानपूला त्यांच्या जीवाश्मांचा मोठा साठा सापडला आहे. चिनी मातीच्या कपबशा आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचेही कंदील असतात. युरोप-अमेरिकेतल्या बागांत ‘चायनीज लँटर्न शो’ म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे याच गावचे काम. पण झिगाँग म्हणजे तिकीट काढून बघायचे प्रदर्शन आहे. रस्त्यावरचा सण तिथे शोधू नये.

हबेई प्रांतातल्या न्वानछुआनला लोहार वितळलेले लोखंड पळीने तटाच्या भिंतीवर फेकतात आणि ठिणग्यांचे झाड फुलते. फटाके परवडत नसलेल्यांनी शोधलेला हा उपाय, असे गावकरी सांगतात. मलेशियात पेनांगला या रात्री अविवाहित मुली समुद्रात संत्री टाकतात, चांगला नवरा मिळावा म्हणून. आपल्या जवळ काही हवे असेल तर मुंबईत माझगावला चिनी वस्तीचे १९१९ सालचे छोटे मंदिर आहे. पण तिथली लगबग नववर्षाची, कंदिलांची नव्हे.

उडते कंदीलच बघायचे असा हट्ट असेल तर तैवानमध्ये तैपेईजवळचे पिंगशी. जुने कोळसा खाणीचे गाव, आणि तिथे जाणारी छोटी रेल्वेही कोळशासाठीच बांधलेली. या रात्री ती भरून वाहते, परतीच्या गाडीसाठी तास-दोन तास धरून चला.

आणि तैवानमध्येच दक्षिणेला ताइनानजवळ यानश्वे. १८८५ मध्ये पटकीची साथ आली तेव्हा लोकांनी युद्धदेव क्वान यूची पालखी काढून फटाक्यांनी रोग पळवला, अशी आख्यायिका. आज तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचलेल्या चौकटींतून हजारो अग्निबाण थेट गर्दीवर सुटतात, आणि ते अंगावर घ्यायलाच लोक येतात. जायचे असेल तर पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, जाड सुती कपड्यांचे दोन थर, हातमोजे, बूट, आणि हेल्मेट व कॉलरच्या मधल्या फटीत गुंडाळलेला ओला टॉवेल एवढे हवेच. सिंथेटिक कापड नको, ते वितळून कातडीला चिकटते. अंगावर बाण बसू लागले की जागच्या जागी उड्या मारत राहायचे, म्हणजे एखादा कपड्यांच्या घडीत अडकला तर तो खाली पडतो.